गरम हॅम सँडविच: घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

लोणावळ्यात शनिवार-रविवार बंगला भाड्याने घेऊन राहणारी कुटुंबं वाढली, तसे सोमवारच्या ओपीडीतले प्रश्नही बदलले. भुशी डॅमवर भिजून आलेला खोकला आणि भजी खाऊन झालेलं अपचन पूर्वीही होतं, आताही आहे. त्यात आता एक नवा प्रश्न असतो. "डॉक्टर, सकाळी मुलांना हॅम सँडविच करून दिलं. चालतं ना? व्हॉट्सॲपवर आलंय की हॅम म्हणजे सिगारेटच." हा प्रश्न फक्त मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचा आहे असंही नाही. तळेगाव, वडगावच्या दुकानांत फ्रीजरमध्ये चिकन सलामी, चिकन हॅम सहज मिळतं आणि ते शाळेच्या डब्यात जातं.

माझं उत्तर असं असतं: चालतं. पण कधीतरी, आतपर्यंत खरोखर गरम करून, आणि त्या दिवशी बाकीचं खारट आवरून. या तीन गोष्टींकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. भीती मात्र भलत्याच गोष्टींची असते.

हॅम आपल्या भागात परकं नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली आणि रेल्वेची युरोपियन, अँग्लो-इंडियन कुटुंबं लोणावळ्यात राहू लागली. १९४५ पासून नौदलाचं आय.एन.एस. शिवाजी इथे आहे. गोवेकर आणि वसईकडची ख्रिस्ती कुटुंबं आहेत. त्यांच्या घरी नाताळला हॅम असणं हे आपल्याकडे दिवाळीला चिवडा असण्यासारखंच. फरक पडला तो हॅम सणाचं न राहता पाकिटातलं आणि रोजचं झाल्यावर.

हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या मांडीचं मांस, मीठ आणि नायट्राइट लावून मुरवलेलं. पुढे ते धुरवतात, शिजवतात किंवा नुसतं सुकवतात. आपल्याकडे पाकिटात पातळ काप मिळतात ते बहुतेक शिजवलेलं हॅम असतं. घरी डुकराचं मांस शिजवलं तर करड्या-तपकिरी रंगाचं होतं. हॅम शिजवूनही गुलाबी राहतं, ही नायट्राइटची करामत. ते मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून ठेवतं. पण नायट्राइट केवळ रंगासाठी घालत नाहीत. बोट्युलिझम नावाची एक भयंकर विषबाधा असते. तिच्या जंतूला हवा नसलेल्या, बंद, दमट जागेत वाढायला आवडतं आणि मांसाच्या गोळ्याचं पोट म्हणजे नेमकी तशी जागा. त्या जंतूच्या नावात 'सॉसेज' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, कारण हा आजार पूर्वी सॉसेज खाऊनच व्हायचा. नायट्राइट त्याला रोखतं. म्हणून, कृपा करून, व्हिडिओ बघून घरी सोरा वगैरे आणून हॅम मुरवायचा प्रयोग करू नका. प्रमाण कमी पडलं तर जंतू वाढतो, जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते.

आता कॅन्सरचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे हॅम, बेकन, सॉसेज, सलामी, पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे. 'हॅम म्हणजे सिगारेट' हा निरोप तिथून निघाला आणि अर्धवट निघाला. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. मांजर चावतं आणि वाघही चावतो, दोन्हींचा पुरावा पक्का आहे. त्याच वेळी संघटनेने दिलेले आकडे बघा. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनाशी जोडता येतील असे कर्करोगाचे मृत्यू जगभरात वर्षाला सुमारे ३४ हजार, आणि तंबाखूमुळे होणारे सुमारे १० लाख.

दुसरा आकडा १८ टक्क्यांचा. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. इथे 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. आणि १८ टक्के म्हणजे शंभरातल्या अठरांना कॅन्सर होणार असंही नाही. समजा एखाद्या गटात हजारात १० जणांना हा कॅन्सर आयुष्यात होणार असेल, तर त्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं रोज ५० ग्रॅम हॅम खाल्ल्यावर तो आकडा १२ च्या जवळ जाईल. मी हा धोका हसण्यावारी नेत नाही. रोजच्या डब्यात हॅम घालू नका असं मी ठामपणे सांगतो ते यासाठीच. पण दोन महिन्यांतून एकदा, पावसाळी सकाळी, गरम तव्यावरून उतरवलेल्या एका सँडविचसाठी रात्रभर जागायचं काही कारण नाही. विशेष म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्या काही वडिलांच्या खिशात तंबाखूची पुडी असते.

आणि "आमचं चिकनचं हॅम आहे, हलकं असतं" हा युक्तिवाद चालत नाही. चिकनलाही मीठ आणि नायट्राइट तेवढंच लावलेलं असतं. पाकिटाच्या मागे वाचा.

खरा हिशेब मिठाचा

मला व्यवसायात जास्त त्रास देणारी गोष्ट कॅन्सर नाही, मीठ आहे, कारण त्याचा परिणाम वीस वर्षांनी नाही, सोमवारी दिसतो.

प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. आपण भारतीय वेगवेगळ्या पाहण्यांनुसार ८ ते ११ ग्रॅम खातो. आता सँडविचचं गणित करा. ५० ग्रॅम हॅममध्ये साधारण दीड ग्रॅम मीठ. ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास. ब्रेड खारट लागत नाही, पण मीठ असतं. चीजची एक स्लाइस, आणखी पाऊण ग्रॅम. बाजारचं बटर खारवलेलं असतं, ते वेगळं. बेरीज तीन ग्रॅमच्या पुढे जाते. एका सँडविचमध्ये दिवसाच्या कोट्यातला निम्म्याहून जास्त भाग संपला, आणि अजून दुपारचं जेवण व्हायचं आहे. पाकिटावर 'सोडियम' मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ.

तरुण, निरोगी माणसाची मूत्रपिंडं हे जास्तीचं मीठ एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात. पण बंगल्यावर फक्त तरुण येत नाहीत. सोबत आजोबा असतात. सत्तरीचे, हृदयाचं पंपिंग कमी झालेले, सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेणारे. घरी सूनबाई त्यांच्यासाठी वेगळी आमटी काढतात. सहलीला मात्र "दोन दिवसांनी काय होतंय, बाबा" असं म्हणून सगळे त्यांना आग्रह करतात. शनिवारी सकाळी सँडविच, दुपारी मिसळ, संध्याकाळी कांदाभजी, रात्री चायनीज. शिवाय प्रवासात लघवीची पंचाईत नको म्हणून ती गोळी घेतलेलीच नसते. शरीरात मीठ थांबलं की त्यामागोमाग पाणी थांबतं. रक्ताचं आकारमान वाढतं, थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, आणि पाणी पायांत आणि फुप्फुसांत उतरतं. रविवारी चपला घट्ट होतात. त्या रात्री आडवं झाल्यावर धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात. याला घरचे "लोणावळ्याची दमट हवा बाधली" म्हणतात. हवेचा दोष नसतो. हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा झोपल्यावर दम लागला, तर घरी परत जायची वाट बघू नका. इथल्याच जवळच्या डॉक्टरांना दाखवा. आणि गोळी सहलीलाही घ्यायचीच.

अशा आजोबांना हॅम नकोच. त्यांच्यासाठी त्याच तव्यावर उकडलेल्या अंड्याचं किंवा घरी शिजवून सोललेल्या चिकनचं सँडविच करा, वर मिरपूड आणि लिंबू. सगळ्यांबरोबर बसून गरम गरम खाल्ल्याचं समाधान त्यांनाही मिळतं आणि ते महत्त्वाचं आहे.

'गरम' म्हणजे किती गरम?

पाकिटातलं हॅम शिजवलेलं असतं, मग पुन्हा गरम कशाला? लिस्टेरिया नावाच्या जंतूमुळे. बाकीचे बहुतेक जंतू फ्रीजमध्ये गप्प बसतात, हा मात्र थंडीतही हळूहळू वाढतो. शिजवल्यानंतर काप करताना, पाकीट भरताना तो शिरू शकतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार मांसातून याची मोठी साथ आली. हजाराहून जास्त रुग्ण आणि दोनशेहून जास्त मृत्यू, त्यांत नवजात बाळं बरीच. निरोगी माणसाला लिस्टेरियाने फार तर ताप-जुलाब होतात. पण गरोदर बाईला साधा ताप येऊन आत गर्भ दगावू शकतो. पासष्टीपुढचे, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, यांच्या मेंदूपर्यंत तो जातो. या मंडळींनी हॅम थंड खाऊ नये. वाफा निघेपर्यंत, म्हणजे आत ७५ अंश सेल्सिअस होईपर्यंत गरम केलं तर लिस्टेरिया मरतो.

इथे सँडविच टोस्टर फसवतो. ब्रेड हा हवेने भरलेला असतो, तो उष्णता सहज आत जाऊ देत नाही. बाहेरून छान सोनेरी होतो, चीजही वितळतं, आणि फ्रीजमधून काढलेले हॅमचे तीन काप मधोमध कोमट राहतात. चीज ७५ अंशांच्या बरंच आधी वितळतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. हॅम आधी वेगळं गरम करायचं आणि मग ब्रेडमध्ये घालायचं.

पण गरम केलं की सगळं शुद्ध, असंही नाही. सहलीतल्या उलट्यांमागे पुष्कळदा दुसरा एक जंतू असतो, स्टॅफिलोकॉकस. तो आपल्याच नाकात, हातावरच्या जखमेत, पुळीत असतो. मिठाने बाकीचे जंतू हटतात, याला मीठ चालतं, म्हणून हॅम त्याचं आवडतं घर. पाकीट उघडून हाताने काप काढले आणि ते ओट्यावर तीन-चार तास राहिले, तर तो वाढतो आणि विष सोडतो. जंतू उष्णतेने मरतो, विष मरत नाही. तव्यावर कितीही परतलं तरी ते तसंच राहतं, आणि वासही येत नाही. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत जोरदार उलट्या सुरू होतात. एकाच घरातले चौघं एकदम आजारी पडले आणि न खाल्लेला पाचवा ठणठणीत, असं चित्र असलं की मी याच वळणावर विचार करतो. यात अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, कारण त्रास विषाचा आहे. "एक इंजेक्शन ठोका, आम्हाला एक्स्प्रेसवे गाठायचाय" असा आग्रह धरू नका. ओआरएसचं पाणी घोट घोट प्यायचं, बहुतेक जण एका दिवसात सावरतात. लघवी थांबली, ग्लानी आली, रक्त पडलं, किंवा रुग्ण तान्हं मूल वा वयस्कर माणूस असेल, तर लगेच दाखवा.

तेव्हा मुंबईहून निघताना हॅम बर्फाच्या डब्यात ठेवा, डिकीत पिशवीत नको. फ्रीजबाहेर एकूण दोन तास, उन्हाळ्यात हवा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास, एवढीच मुभा. शनिवारी सकाळी घाटात गाडी किती वेळ अडकते हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात इथे वीज जाते. बहुतेक वर्षी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात ती जाणारच. फ्रीजचं दार न उघडता साधारण चार तास थंडावा टिकतो. त्यापुढे वीज गेली असेल तर आतलं हॅम टाकून द्या. उघडलेलं पाकीट चांगल्या फ्रीजमध्येही तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

एक भीती मात्र मनातून काढा. "डुकराचं मांस खाल्लं की मेंदूत किडे होतात." पट्टकृमीच्या पुटकुळ्या असलेलं कच्चं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात कृमी होतो, मेंदूत नाही. मेंदूतल्या गाठी, ज्यांमुळे आपल्याकडे कितीतरी जणांना फिट्स येतात, त्या होतात कृमीची अंडी पोटात गेल्याने. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात. तीही न धुतलेले हात, सांडपाण्यावरची भाजी, कच्ची कोशिंबीर यांवाटे. म्हणूनच जन्मभर मांसाला हात न लावलेल्या माणसाच्या सीटी स्कॅनमध्येही ती गाठ सापडते आणि घरचे चक्रावून जातात. या बाबतीत तुमच्या सँडविचमध्ये हॅमपेक्षा कच्च्या लेट्यूसच्या पानाची जास्त काळजी घ्यायला हवी. पानभाजी मी अशा सँडविचमध्ये घालतच नाही. काकडी सोलून घ्या, टोमॅटो वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि तव्यावर शेका.

कसं करायचं ते सांगतो. हात साबणाने धुवा. जाड बुडाचा तवा मंद आचेवर ठेवा. माणशी हॅमचा एक मोठा किंवा दोन लहान पातळ काप, पंचवीस-तीस ग्रॅम, त्याहून जास्त नको. ते एकावर एक न ठेवता पसरा, कडेला चमचाभर पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा. दोन मिनिटांत झाकणाखाली वाफ कोंडते, कापांच्या कडा वळतात. उलटून आणखी एक मिनिट. काळपट, कुरकुरीत करू नका. नायट्राइट आणि प्रथिनं फार तापली की नायट्रोसामाइन्स तयार होतात आणि कॅन्सरच्या भीतीत थोडं तथ्य आहे ते तिथेच. टोमॅटोच्या चकत्या त्याच तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका. मग ब्रेडला घरचं लोणी लावा. घरच्या लोण्यात मीठ नसतं, बाजारच्या बटरपेक्षा इथे अर्धी लढाई जिंकली. आतल्या बाजूला फेसलेली मोहरी. मोहरी थंड पाण्यातच वाटायची. गरम पाण्याने तिच्यातलं विकर मरतं आणि नाकात झिणझिण्या आणणारा तिखटपणा येतच नाही. बाटलीतल्या मस्टर्डपेक्षा ही मला जास्त आवडते, आणि हिच्यातही मीठ नाही. चीज नको. हॅम गरम असतानाच ब्रेडमध्ये घाला, लोण्याची बाजू तव्यावर टाकून उलथन्याने दाबा, दोन्हीकडून सोनेरी झालं की कापून लगेच खा. मिठाचा हिशेब दीड-पावणेदोन ग्रॅमवर येतो. सॉस, वेफर्स, लोणचं शेजारी ठेवलं नाही तर.

राहिला रविवार संध्याकाळचा प्रश्न. निघताना फ्रीजमधलं उरलंसुरलं बंगल्यावरच्या माळ्याला किंवा वॉचमनला देऊन जायची आपल्याकडे पद्धत आहे. हेतू चांगला असतो. पण शुक्रवारी उघडलेलं, चार वेळा ओट्यावर येऊन परत आत गेलेलं हॅमचं पाकीट तुम्ही त्याच्या हातात ठेवता, तो ते खोलीवर नेतो, तिथे फ्रीज नसतो, आणि सोमवारी सकाळी त्याची पोरं ते खातात. शिवाय देहू-आळंदी इथून जवळ, मावळात माळकरी घरं पुष्कळ आहेत. पाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि आत काय आहे हे कोणी सांगत नाही. द्यायचंच असेल तर न उघडलेलं पाकीट, थंड असताना, "हे डुकराचं आहे, आजच गरम करून संपवा" असं सांगून द्या. उघडलेलं असेल तर कचऱ्यात टाका आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या भाजीचे पैसे द्या.